तिसऱ्या गोदामाची चिठ्ठी

एकशे बेचाळीसपैकी एकोणनव्वदावी ओळ तिनं उघडली आणि समोर तिचीच आद्याक्षरं आली. तीन अक्षरं आणि पुढे तारीख, एकोणीस वर्षांपूर्वीची. अक्षरं तिचीच होती, शंकेला जागाच नव्हती. या इमारतीत त्या तीन अक्षरांचं दुसरं माणूस कधी नव्हतंच. पण हे आपण केलं कधी आणि कशासाठी, ते काही तिला आठवेना. ती मागे रेलून बसली, चष्मा काढून पुसला, परत घातला. तरी आठवेना. एखादी गोष्ट विसरली की निदान तिची रिकामी जागा तरी जाणवते, जीभ पडलेल्या दाताशी जात राहते तशी. इथे जागाच नव्हती. कुणीतरी तिच्या नावानं येऊन, तिच्या खुर्चीत बसून, काम उरकून निघून गेलं होतं.

रविवारची दुपार होती, कारखाना बंद होता. एरवी खालच्या मशीनांची घरघर जमिनीतून पायांना लागायची, ती नव्हती, त्यामुळे पाय अधांतरी असल्यासारखे वाटत होते. इथे पाण्याच्या पंपांचे सुटे भाग बनत, आणि खरेदीपासून गोदामापर्यंतचा सगळा कारभार एका सिस्टीमवर चाले. ती सिस्टीम विकणारी कंपनी वर्षा-दीड वर्षानं सुधारणांची पॅकेजेस पाठवायची. ती एकामागून एक, क्रम न चुकवता चढवायची, हे बावीस वर्षं तिचं काम. चढवण्यात मोठंसं काही नाही. बटण दाबायचं आणि टक्के वाढताना बघत बसायचं, उतू जाईल म्हणून दुधापाशी उभं राहावं तसं. खरी कटकट पुढची. विकत घेतलेल्या त्या सिस्टीमला इथल्या माणसांनी आपापल्या सोयीनं ठिकठिकाणी टाके घातलेले असतात. नवं पॅकेज ज्या भागाला हात लावतं, तिथल्या प्रत्येक टाक्यापाशी सिस्टीम थांबते आणि विचारते, तुमचं ठेवू की आमचं मूळ परत आणू? दोन बटणं. संध्याकाळी सहा वाजेपर्यंत एकशे बेचाळीस वेळा उत्तर द्यायचं, कारण सकाळी सातला पहिली पाळी लागते आणि तोवर सिस्टीम उघडी हवी.

उत्तर कसं द्यायचं याचा नियम तिनंच घालून दिला होता. ज्या बदलाचं कारण लिहिलेलं नाही आणि जे कुणाला सांगताही येत नाही, तो बदल काढून टाकायचा. या नियमापायी तिनं भल्याभल्यांना धारेवर धरलं होतं. खरेदीतल्या एकाला तर तिनं सगळ्यांसमोर विचारलं होतं, 'कारण लिहायला तुमची बोटं झिजतात का?' आणि आता तिच्या स्वतःच्या ओळीत कारणाचा रकाना बघावा, तर तिथे एक टिंब. रकाना रिकामा सोडला की सिस्टीम पुढे जाऊ देत नाही, म्हणून चोरटी माणसं टिंब टाकतात. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. तिनं आधीचे फेरफार उघडले. सात वर्षांत सहा बदल, पहिला सोडला तर प्रत्येक बदल पॅकेज चढवायच्या दिवशीचा, प्रत्येकापुढे तिची आद्याक्षरं आणि प्रत्येकापुढे टिंब. बदल तरी काय, तर माल काढायची चिठ्ठी तिसऱ्या गोदामाच्या प्रिंटरवर निघत असेल, तर तिच्यावरची अक्षरं मोठी करायची. दहाची अकरा. मग बारा, चौदा, सोळा, अठरा, शेवटी वीस. त्यानंतर बारा वर्षं कुणीच हात लावलेला नव्हता. या खेपेला मूळ कंपनीनं चिठ्ठीचा प्रोग्रॅमच नव्यानं लिहिला, म्हणून हे वर आलं, नाहीतर तळाशी तसंच पडून राहिलं असतं.

सहा वेळा. एकदा केलेलं माणूस विसरतं, पण सात वर्षं जपून, लपवून, सहा वेळा केलेलं? हल्ली असं विसरणं सारखंच व्हायचं, आणि ती त्याला निरनिराळी नावं द्यायची, कधी पित्त, कधी झोप नीट नाही म्हणून. गेल्या महिन्यात ती हातात किल्ली घेऊन जुन्या भाड्याच्या घराच्या दाराशी उभी होती. ते घर सोडून चौदा वर्षं झाली. त्याआधी एका बैठकीत तिला झडप हा शब्द सापडेना. पंपांच्या कारखान्यात, झडप. 'ते हो, उघडतं-मिटतं ते,' असं ती म्हणाली आणि सगळे हसले, तीही हसली, चांगलीच हसली. घरी नवरा म्हणायचा, तुझं अर्धं डोकं कामावरच राहतं. तेही तिला सोयीचं होतं. पासवर्ड बोटांना पाठ होता, तिला नव्हता. म्हणून पासवर्ड टाकताना ती मुद्दाम दुसरीकडे बघत बोलत राहायची, बोटांच्या कामात आपण मध्ये येऊ नये म्हणून.

आईचं असंच सुरू झालं होतं. म्हणजे असंच की नाही, ते तिला सांगता आलं नसतं, कारण आईचं सुरू झालेलं कुणाला दिसूच दिलं नव्हतं. बाबा तसे बोलायला कंजूष. पण त्या तीन वर्षांत त्यांना एकदम वाचा फुटली. घरी कुणी आलं आणि 'काय, ओळखलं का मला?' म्हणालं, की आईच्या चेहऱ्यावर तो कोवळा गोंधळ उमटायच्या आत बाबा पुढे सरसावत. 'अहो, ओळखणार नाही तर काय, कालच म्हणत होती, धाकट्या मामेभावाचं पत्र नाही बरेच दिवसांत!' मग आईचा चेहरा उजळे. 'हो ना, पत्र नाही,' ती म्हणे. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती माहेरी जायची तेव्हा तिलाही हे गमतीचं वाटायचं, म्हातारपणी आईबाबांची जोडी कशी जमलीय असं. मग एक दिवस बाबा तापानं अंथरुणाला खिळले, आणि आईनं दार उघडून तिला विचारलं, 'कोण हवंय आपल्याला?' इतक्या अदबीनं विचारलं, की ती पायरीवर तशीच उभी राहिली. डॉक्टर म्हणाले, तीन वर्षं आधी आणायचं, औषधांनी चाल मंद तरी झाली असती. ती बाबांशी सात महिने बोलली नाही. बाबांचं म्हणणं एकच होतं, 'ती घाबरली असती गं.' आता दोघंही नाहीत. पण तिच्या कानात आईचं ते 'आपल्याला' अजून होतं. आईनं तिला आयुष्यात कधी आपण म्हटलं नव्हतं.

"कासवा," ती म्हणाली, "तिसऱ्या गोदामात बारा वर्षांपूर्वी कोण होतं रे?"

कासव समोरच्या टेबलापाशी बसला होता. तो डेटाबेस सांभाळायचा, तिच्याच वयाचा, तिच्याच वर्षी नोकरीला लागलेला. कामाला इतका संथ, की पहिल्याच महिन्यात कुणीतरी हे नाव ठेवलं, आणि आता खरं नाव फक्त ओळखपत्रावर उरलं होतं. संथ, पण बावीस वर्षांत त्याच्या हातून एक अक्षर इकडचं तिकडे झालं नव्हतं.

"मामा," तो म्हणाला. "स्टोअरकीपर मामा. का?"

"काही नाही. एकोणनव्वदावी ओळ."

"कारण नसेल तर काढून टाक की. तुझाच नियम."

तिचं बोट बटणावर गेलंही. काढलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. मामा निवृत्त, गोदामात आता दुसराच माणूस, जग सुरळीत. पण काढलं की ही ओळ गेली, आणि तिच्याबरोबर ती सात वर्षंही कायमची गेली. असं किती गेलं असेल, जे ओळीवर लिहिलेलंसुद्धा नाही? तिनं फोन काढला, मामांचा नंबर शोधला. नंबर होता. आपण कधीकाळी तो जपून ठेवला होता, याचाच तिला आधार वाटला.

"कोण बोलतंय?" पलीकडून आवाज आला. "नाव सांगा, मला स्क्रीन दिसत नाही."

"मामा, मी..."

"ताई!" दोन शब्दांत ओळखलं त्यांनी. "अहो, कुठे आहात? आज कशी आठवण झाली?"

आणि त्या 'ताई'सरशी सगळं आलं. मागे उभं राहून वाट बघत असल्यासारखं आलं. मामा छपाई फिकट येते म्हणून तक्रार करत होते, आठवड्यात तिसऱ्यांदा, म्हणून ती स्वतः गोदामात गेली. ग्रीसचा आणि पुठ्ठ्याचा वास, उंच मांडण्या, वरच्या झरोक्यातून येणारी उजेडाची एक पट्टी. मामा ती चिठ्ठी घेऊन त्या पट्टीत उभे होते, कागद नाकाशी, आणि तोंडानं काहीतरी गुणगुणत होते, आपण वाचत नसून सहज उभे आहोत असं दाखवायला. छपाई काळीकुळकुळीत होती. तिनं प्रिंटर उघडल्यासारखं केलं, मिटला, आणि म्हणाली, नवीन कार्ट्रिज टाकलंय हं मामा. वर येऊन दहाची अकरा केली. दुसऱ्या दिवशी मामा जिन्यात भेटले. 'आता कसं झकास,' म्हणाले. तिला तेव्हा झालेला आनंदही आठवला, छातीत ऊब धरणारा, कुणालाही न सांगण्यातला. म्हणून टिंब. कारण लिहिलं असतं तर साहेबांनी वाचलं असतं.

"डोळ्यांना काय झालं मामा?" तिनं विचारलं. आवाज नेहमीचा ठेवायला तिला कष्ट पडले.

"काचबिंदू. निवृत्त झालो आणि वर्षाच्या आत अंधार. आता उजव्या डोळ्याला जरासा उजेड कळतो, तेवढंच. बाकी मजेत आहे. सून मोठ्यानं पेपर वाचून दाखवते, नको त्या बातम्या गाळून." ते हसले. "डॉक्टर मात्र माझ्यावर चिडला होता. म्हणाला, हे एकदम होत नसतं, कित्येक वर्षं चाललं असणार. मी म्हटलं, अहो, शेवटच्या दिवसापर्यंत रोज दोनशे चिठ्ठ्या वाचून माल काढलाय मी. तर म्हणतो, मग मला काही समजत नाही. आधी आला असतात तर नुसत्या थेंबांवर निभावलं असतं."

बाहेर आवारात कुणीतरी फाटक ओढून घेतलं, त्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. तिनं डोळे मिटले. दहा, अकरा, बारा, चौदा. इतकी ऊब वाटली होती त्या वेळी.

"मामा, ती अक्षरं मी मोठी करत होते," ती म्हणाली. "दर खेपेला थोडी थोडी. तुम्हाला कळू नये म्हणून."

पलीकडे कुठेतरी टीव्ही चालू होता, तो कुणीतरी बंद केला.

"माहीत आहे मला," मामा म्हणाले.

"माहीत आहे?"

"पट्टी लावून मोजलं होतं मी. पहिल्या वेळी फसलो, कार्ट्रिजचं खरं वाटलं. दुसऱ्या वेळी मालाचा नंबर एका ओळीत मावेना, खाली उतरला. ताई, तीस वर्षं स्क्रू न् वॉशर मोजले मी. एवढं कळणार नाही मला?"

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही का नाही बोललात?" रागानं नाही, खरोखरच उत्तर हवं असल्यासारखं त्यांनी विचारलं. मग तेच म्हणाले, "बोललो असतो तर तुम्हाला साहेबांच्या कानावर घालावं लागलं असतं. मला फाटकावर बसवलं असतं. पण ते राहू दे, ते सांगायचं कारण. खरं म्हणजे मी घाबरलो होतो. डॉक्टरकडे गेलो की तो काय सांगणार, ते मला ठाऊक होतं. तुम्ही एकेक घर वाढवत होतात, मी म्हणत होतो, चाललंय की अजून. तुम्ही देत गेलात, मी घेत गेलो."

"मी तेव्हा तुम्हाला हाताला धरून डॉक्टरकडे न्यायला हवं होतं."

"हवं होतं," मामा म्हणाले. आणि पुढे, "मीही जायला हवं होतं. निम्मं तुमचं, निम्मं माझं. रडू नका. रविवार आहे, सुनेनं कॉफी केलीय, ती निवेल. आणि ती अक्षरं लहान करा आता. तो नवा माणूस म्हणत असेल, कुठल्या आंधळ्यासाठी केलंय हे." त्यांना स्वतःचंच हसू आलं, मग खोकला आला, आणि 'येत जा ताई, आवाजावरून ओळखीन' असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

तिनं मूळ परत आणायचं बटण दाबलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'तिसऱ्या गोदामाच्या स्टोअरकीपरना कमी दिसत होतं, म्हणून मी केलं होतं. त्यांच्याशी बोलले नाही, ते चुकलं.' ओळ हिरवी झाली. सिस्टीमला काय, कारण मिळाल्याशी मतलब. नव्वदावी ओळ आपोआप उघडली. काय करायचं ते बघायला तिचा हात सवयीनं डावीकडच्या कागदांकडे गेला, आणि तिथेच थांबला.

ती कासवाची यादी होती. दर पॅकेजाच्या वेळी पायऱ्यांची यादी तोच करायचा. पूर्वी ती एका पानात मावायची: बॅकअप घे, पॅकेज चढव, बदल तपास, सिस्टीम उघड. आज ती अकरा पानांची होती. उजवीकडून तिसरं बटण. निळी खिडकी येईल, घाबरू नकोस, 'पुढे' म्हण. इथे पाच मिनिटं काहीच होत नाही, ते बरोबर आहे. चौथं पॅकेज झालं असेल तर इथे खूण कर. प्रत्येक पायरीपुढे खूण करायला चौकोन, आणि अक्षरंसुद्धा, आता बघितलं तर, जरा ठळकच. तिनं सकाळी चेष्टा केली होती की हे माझ्यानंतर येणाऱ्यासाठी का रे? आणि त्यानं म्हटलं होतं, ऑडिटवाल्यांना आवडतं. तिनं ते मान्य केलं होतं. नुसतं मान्य नव्हतं केलं. ती त्या यादीवर टेकली होती, गेल्या खेपेलाही आणि आजही, बोट ठेवून ठेवून, एक चौकोन चुकू न देता. तिला कळलं नव्हतं असं नाही. दुसऱ्या वेळी नंबर खाली उतरतो तेव्हा कळतंच. तो देत गेला, ती घेत गेली.

"कासवा, ही यादी अकरा पानांची का झाली?"

"ऑडिट..."

"ऑडिटवाले पहिलं पान वाचतात."

त्यानं कीबोर्ड पुढे सारला. तिचं फोनवरचं बोलणं त्यानं ऐकलं होतं, समोरच तर बसला होता. "गेल्या खेपेला तू चौथं पॅकेज परत चढवायला निघाली होतीस," तो म्हणाला. "मी खालून सर्व्हरच थांबवला. तुला सांगितलं, नेटवर्क गेलं म्हणून."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू घाबरली असतीस."

तिला बाबांचा इतका राग आला, इतक्या वर्षांनी, आणि त्याच क्षणी इतकी मायाही आली, की समोरच्या माणसावर यातलं नेमकं काय काढावं ते तिला कळेना. टेबलावर हात ठेवून बसलेला तो केस पिकलेला मनुष्य, ज्यानं तिच्यासाठी खोटं नेटवर्क पाडलं. तिला वाटलं, अशी माणसं आपल्या वाट्याला आली म्हणून देवाचे आभार मानावेत, आणि अशीच माणसं आपला घात करतात.

"आज सकाळपासून," ती म्हणाली, "मी तुला एखादी गोष्ट परत परत विचारलीय का? खरं सांग."

तो खिडकीबाहेर बघत राहिला. बाहेर रिकाम्या आवाराखेरीज काही नव्हतं. "बायकोचा गुडघा कसा आहे, असं."

"दोनदा?"

"चारदा."

एकदाही विचारल्याचं तिला आठवत नव्हतं. आपण जे विसरलो ते एवढं साधं, एवढं मायेचं होतं, याचं तिला हसू आलं आणि हसताना डोळे भरून आले. ते तिनं पुसले नाहीत.

"आणि तू काय सांगितलंस?"

"बरा आहे म्हणालो."

"चारही वेळा?"

"हो."

"बरा आहे?"

"नाही," कासव म्हणाला. "बदलायचा ठरलाय. पुढच्या महिन्यात ऑपरेशन. ती धीट आहे, मीच जरा घाबरलोय."

ती खुर्ची ओढून त्याच्या टेबलापाशी जाऊन बसली. त्रेपन्न ओळी उरल्या होत्या, आणि साडेचार होत आले होते. तिनं आधी गुडघ्याचं सगळं विचारून घेतलं, कुठलं हॉस्पिटल, किती दिवस, घरी कोण थांबणार. तो एकेक सांगत गेला, त्याच्या चालीनं, आणि तिनं मध्ये घाई केली नाही. मग ती म्हणाली, "उद्या सकाळी मी डॉक्टरकडे जाणार. नवऱ्याला आज सांगते. पण तू बरोबर चल. ते विचारतील, कधीपासून, किती वेळा. ते मला माहीत नाही. तुला माहीत आहे."

"वयानंही होतं असं," तो म्हणाला.

"होत असेल. तसं असेल तर तेच सांगतील ते. तारखा आठवतील तुला?"

कासवानं होकारार्थी मान हलवली. मग त्यानं खालचा खण उघडला, कागदांच्या तळातून एक पातळशी वही काढली आणि ती दोघांच्या मध्ये टेबलावर ठेवली. उघडली नाही. तिनंही उघडली नाही. वहीचे कोपरे दुमडलेले होते.

"नऊ वाजता न्यायला येतो," तो म्हणाला.

"ये," ती म्हणाली. "आणि गुडघ्याचं मी परत विचारीन. तेव्हाही खरं सांग."